खवट तेल आणि इंजिन

वनस्पतितेलावर इंजिन चालवावें ही कल्पना नवी नाहीं. १९०० सालीं पॅरिस येथें भरलेल्या जागतिक प्रदर्शनांत डीझेल पद्धतीचें एक लहान इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यांत आलें होतें. परंतु तेल पडलें दाट. तें इंजिनांत नीट फवारलें जात नाहीं आणि काजळी धरतें. तें पातळ करण्याच्या उपायाचें पेटंट १९३७ सालीं ब्रुसेल्स विद्यापीठांतील शावान यांनीं मिळविलें. पामतेलांत अल्कोहोल व थोडें आम्ल घालून त्याचें एस्टर करावयाचें, अशी ती युक्ति. या इंधनावर १९३८ सालीं ब्रुसेल्स व लूव्हाँ या गांवांच्या दरम्यान प्रवाशांची बस धांवली. आज बायोडीझेल म्हणतात तें हेंच.

आम्लापेक्षां कॉस्टिक सोड्यानें हें काम पुष्कळच लवकर उरकतें, म्हणून पुढें कारखान्यांत सोडा रूढ झाला. मात्र सोड्याला तेल हवें स्वच्छ. डब्यांत फार दिवस राहिलेलें तेल खवटतें, हें गृहिणींना सांगावयास नको. अशा तेलांत, तसेंच तळणाच्या उरलेल्या तेलांत, मेदाम्लें मोकळीं झालेलीं असतात. त्यांत सोडा पडतांच साबण होतो; सोडा वायां जातो, आणि एस्टर व ग्लिसरीन एकमेकांपासून सुटेनासें होतें. म्हणजे जें तेल स्वस्त, तेंच निरुपयोगी! या अडचणीवरील उपायाचें मूळ शोधूं गेल्यास आपणांस पुन्हां पॅरिसलाच, पण दोनशें वर्षें मागें जावें लागतें.

तेथें शेव्रल नांवाचा रसायनज्ञ साबणाच्या अभ्यासांत गढला होता. चरबी म्हणजे मेदाम्लें व ग्लिसरीन यांचा संयोग, हें त्यानें १८२३ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडलें. (हा गृहस्थ एकूण १०२ वर्षें जगला.) त्याच्या आदल्याच वर्षीं कान्यार द ला तूर यानें एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. बंदुकीच्या नळींत अल्कोहोल व गारेची एक गोळी घालून त्यानें ती बंद केली, आणि नळी तापवून हालवीत तो कान देऊन ऐकत बसला. गोळी द्रवांत आपटल्याचा आवाज येई. उष्णता एका मर्यादेपलीकडे जातांच तो आवाज नाहींसा झाला. आंत ना द्रव उरला होता, ना नेहमींची वाफ! माणूस कानाचा मोठा पक्का. दुसऱ्या महायुद्धांत मुंबईकरांनीं ज्या सायरनची धास्ती घेतली, त्या यंत्राला तें नांव यानेंच दिलें होतें.

१८६२ सालीं बर्थेलो व पेआँ द सें-झील यांनीं आम्ल व अल्कोहोल नुसतींच एकत्र ठेवून पाहिलीं. संयोग होतो खरा, पण साध्या उष्णतेला महिनेच्या महिने लागतात, आणि सुमारें दोन तृतीयांश झाल्यावर तो थांबतो, असें त्यांना आढळलें. उत्प्रेरक नसला तरी क्रिया घडतेच. उणीव असते ती वेगाची.

हे सारे धागे एकत्र आले ते जपानांतील क्योटो विद्यापीठांत. २००१ सालीं साका व त्यांचे सहकारी कुस्दिआना यांनीं मोहरीच्या जातीच्या रेपसीडचें तेल मेथॅनॉलसह ३५० अंश सेल्सियसपर्यंत तापविलें. तूरच्या नळींत आवाज थांबला ती मर्यादा मेथॅनॉलच्या बाबतींत सुमारें २४० अंश आहे. ती ओलांडल्यावर, एरवीं तेलांत न मिसळणारें मेथॅनॉल त्याच्याशीं एकजीव होतें, आणि उत्प्रेरकाचा कणहि न घालतां चार मिनिटांत काम होतें. पण इतकी उष्णता व इतका दाब सोसणारीं भांडीं महाग पडतात. तेव्हां २००४ सालीं त्यांनीं क्रमच बदलला. प्रथम दाबाखालच्या तप्त पाण्यानें तेल फोडून मेदाम्लें मुद्दाम मोकळीं करावयाचीं, ग्लिसरीन पाण्याबरोबर काढून टाकावयाचें, आणि मग त्या मेदाम्लांशीं मेथॅनॉलचा संयोग घडवावयाचा. दोन्ही पायऱ्यांस २७० अंश पुरतात. सोड्याच्या रीतींत जो तेलाचा दोष, तोच येथें कच्चा माल ठरला. मला तर पहिल्या प्रयोगाच्या चार मिनिटांपेक्षां हा उलटफेरच अधिक मोलाचा वाटतो.

मात्र ‘उत्प्रेरकावांचून’ हा शब्द फार काटेकोरपणें घेऊं नये. मेदाम्ल स्वतःच आम्ल असल्यामुळें उत्प्रेरकाचें काम तेंच करतें, असें मिनामि व साका यांनीं २००६ सालीं दाखविलें. साहजिकच जसजसें आम्ल संपत येतें तसतशी क्रिया मंदावते, आणि शेवटचा थोडासा अंश पुरा होण्यास फार वेळ लागतो.