खटका दाबा, पण जपून

गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी हिंजवडीतल्या एका डेटा सेंटरमधे डिकमिशनिंगचं काम होतं. म्हणजे जुने सर्व्हर रॅकमधून काढायचे, लेबल लावायचं आणि ट्रॉलीवर रचायचे. डोकं लागत नाही, पाठ लागते. मदतीला एक कंत्राटी हेल्पर होते. घोटावड्याकडचे, पन्नाशीचे, घरी आंबेमोहोराची चार खाचरं. सगळे त्यांना मामाच म्हणतात.

चौदावा-पंधरावा सर्व्हर असेल. दोन युनिट उंचीचा, पंचवीसेक किलोचा. रेल पूर्ण बाहेर ओढली, दोघांनी आपापल्या बाजूचा निळा खटका दाबला. माझा सुटला, मामांचा अडकला. जरा हलवून बघितलं... आणि सुटला तो एकदमच. मामांचं मधलं बोट रेल आणि पेटीच्या मधे सापडलं. तीन टाके.

फॉर्म मीच भरला. 'कारण' या रकान्यात चार पर्याय होते, त्यातला 'मानवी चूक' निवडला. बाकीचे तीन वीज, पाणी आणि आग असे होते!

रात्री झोप येईना, म्हणून हे खटके मुळात आले कुठून ते वाचत बसलो. हा लेख म्हणजे त्याच वाचनाचं फळ, गोड मानून घ्या.

तुमचा मेल ज्या सर्व्हरवर आहे त्याच्या रॅकची रुंदी १९ इंच असते. हे माप कॉम्प्युटरवाल्यांचं नाहीच. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल टेलिफोनवाल्यांनी रिले आणि अॅम्प्लिफायर लावायला उभ्या पट्ट्यांच्या चौकटी वापरल्या, त्यांचं हे माप. एक युनिट म्हणजे पावणेदोन इंच, हेही तिथूनच. पुढे त्याचं रीतसर स्टँडर्ड झालं. पण गंमत बघा, हे माप मुख्यतः समोरच्या पट्टीचं आहे. भोकं कुठे, पट्टी किती रुंद, एवढं ठरलं. मागे लोंबणारं वजन कशावर पेलायचं आणि वस्तू बाहेर काढताना काय करायचं, हे ज्याचं त्याने बघायचं. पत्र्याच्या हलक्या पट्टीला चार स्क्रू पुरेसे होते, आणि ती रोज कोण काढतंय? पुढे त्याच भोकांत पंचवीस-तीस किलोच्या पेट्या आल्या. मग प्रत्येक कंपनीने आपली रेल काढली आणि प्रत्येक रेलचा आपला खटका. थोडक्यात, धरायचं कसं हे शंभर वर्षांपूर्वी ठरलं, सोडायचं कसं हे राहूनच गेलं.

आता दुसरा धागा, कार्डांचा. ही गोष्ट मला जास्त आवडली.

आपल्याकडे १९८४ मधे सी-डॉट सुरू झालं आणि त्यांचं १२८ पोर्टचं ग्रामीण टेलिफोन एक्स्चेंज १९८६ मधे कर्नाटकात कित्तूरला लागलं. एसी नको, मोठी खोली नको. आत खाचांमधे उभी कार्डं. कार्ड मागच्या बाजूला कनेक्टरमधे घुसतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. युरोपियन पद्धतीचा ९६ पिनांचा कनेक्टर घ्या. तो बसवायला ९० न्यूटनपर्यंत जोर लागू शकतो, म्हणजे साधारण नऊ किलो. १९८१ च्या व्हीएमई पद्धतीच्या मोठ्या कार्डाला असे दोन कनेक्टर. काढतानाही चांगलाच हिसका द्यावा लागतो. पिना बराच वेळ दाद देत नाहीत आणि मग एका क्षणात सोडतात, की कोपर मागच्या रॅकवर! कार्ड तिरकं निघालं तर पिना वाकतात ते वेगळंच. म्हणून कार्डाच्या वर-खाली छोट्या तरफा आल्या. बोटाने तरफ फिरवा, कार्ड सरळ आणि सावकाश बाहेर येतं. नव्वदच्या दशकात या तरफा कार्ड आत ढकलायलाही वापरायला लागले.

मग टेलिफोनवाल्यांनी पुढची अट घातली. एक्स्चेंज बंद करायचं नाही, चालू असतानाच कार्ड बदलायचं. कॉम्पॅक्ट-पीसीआय नावाच्या कार्डपद्धतीसाठी १९९८ मधे याचे नियम आले आणि ते वाचून मी खरंच खूश झालो. तरफेच्या आत एक बारीक स्विच असतो. तुम्ही तरफ नुसती उघडता, कार्ड ओढत नाही. स्विच सिस्टिमला कळवतो की हा माणूस मला काढू पाहतोय. सिस्टिम त्या कार्डाचं काम आवरते आणि निळा दिवा लावते. दिवा लागला की ओढा. शिवाय पिनांची लांबी कमी-जास्त ठेवलेली. सगळ्यात आखूड पिन सगळ्यात आधी सुटते, त्यामुळे कोणी घाई केलीच तरी हार्डवेअरला निदान क्षणभर आधी कळतं. नुसता पत्रा आणि स्प्रिंग राहिली नाही, खटका आधी विचारायला लागला.

त्यानंतर ब्लेड सर्व्हर. पुण्यातच २००७ मधे टाटांच्या सीआरएलने 'एका' हा सुपरकॉम्प्युटर उभा केला. त्या नोव्हेंबरच्या जागतिक यादीत तो चौथा होता, वेग ११७.९ टेराफ्लॉप्स. आत एचपीचे जवळपास १८०० ब्लेड. एका पेटीत असे १६ मावतात. बटण दाबा, तरफ उघडा, एका माणसाने ब्लेड बाहेर. पूर्ण भरलेली पेटी मात्र २१८ किलोपर्यंत जाते, म्हणून आधी ब्लेड, पंखे, पॉवर सप्लाय काढून घ्यायचे आणि मग सांगाडा उचलायचा, असा रिवाज.

आता माझं मत सांगतो, पटलं नाही तर सोडून द्या. कार्डाचा आणि ब्लेडचा खटका एवढा हुशार का झाला? कारण चुकला तर लाइन बंद पडते आणि पैसे जातात. रेलचा खटका चुकला तर बोट जातं. तो तसाच राहिला.

अगदी तसाच राहिला असंही नाही म्हणा. काही रेलमधे सर्व्हरच्या बाजूच्या खुंट्या वरून खाचांमधे बसतात. खटका सोडला तरी वजन खाचांवरच असतं, मग दोघांनी मिळून वर उचलायचं. दुसऱ्या प्रकारात सर्व्हर समोरून सरकवतात, आणि काढताना दोन्ही खटके दाबून ओढलं की वजन थेट हातात येतं. आमचा हा दुसरा प्रकार होता. पहिल्यात सर्व्हर काढायला वर जागा लागते आणि उचलायचे कष्ट पडतात, पण मी तोच घेईन.

रंगांचा घोळ तर विचारूच नका. बऱ्याच कंपन्यांच्या सर्व्हरमधे निळा खटका म्हणजे 'आधी पॉवर बंद कर', आणि विटकरी म्हणजे 'चालू असताना काढला तरी चालेल'. एचपीने विटकरीऐवजी वाइनचा रंग घेतला. आणि वर सांगितलेला निळा दिवा? तो म्हणतो 'आता खुशाल काढ'. एकाच खोलीत एकाच रंगाचे दोन उलटे अर्थ. मामांना यातलं काहीच कोणी सांगितलेलं नव्हतं. मीही नाही.

पुढच्या आठवड्यात मामा बोटाला पट्टी बांधून हजर. चहा घेताना मी त्यांना ही सगळी कथा ऐकवली. ते म्हणाले, "सर, आमच्याकडं बैल सोडताना एकाची जुपणी काढली की जू कलतं. म्हणून दुसरा माणूस आधी जू धरतो. तुमच्या त्या रेलीला जू धरणाराच न्हाई."

दोन माणसं होती, पण दोघांचे हात खटक्यावर. जू धरायला तिसरा हवा होता, किंवा खाली लिफ्टची ट्रॉली. ती स्टोअरमधे होती, कुलपात, आणि शनिवारी किल्लीवाला सुट्टीवर.

सोमवारी मेल टाकला की त्या फॉर्ममधलं कारण बदलायचंय, आणि यादीत 'उपकरणाची रचना' हा पर्याय टाका. उत्तर आलं की फॉर्म क्लोज झालाय, नवीन तिकीट उघडा. उघडलंय. तिकिटात रेलचा फोटो जोडलाय, मामांना विचारून त्यांच्या बोटाचाही.