कोल्हापुरातील बाहेरचे खाणे : सत्यसुधारक हॉटेल ते कळंबा रस्ता

प्रस्तावना

कोल्हापूर शहराच्या दक्षिणेस गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कळंबा हे गाव आहे. गावालगतचा तलाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थानाच्या काळात शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधण्यात आला. पुढे शहर वाढत वाढत गावाला येऊन भिडले. आज संध्याकाळी या रस्त्याने जाणाऱ्यास मिसळ, कटवडा, डोसा, भेळ, अंडाभुर्जी, नूडल्स, मंच्युरियन आणि मोमो हे सारे पदार्थ थोड्याशा अंतरात मिळतात. शेजारच्या बाकावर कोण बसले आहे आणि पदार्थ कोणाच्या हातचा आहे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

ही चौकशी न होणे फार जुने नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच शहरात ती प्रथम होत असे आणि तिचे उत्तर मिळाल्याशिवाय पाण्याचा घोटही घेतला जात नसे. खाद्यसंस्कृतीवरील मराठी लेखनात पदार्थांची चव, मसाल्यांची कृती आणि राजघराण्यांचे मुदपाकखाने यांना पुष्कळ जागा मिळाली आहे. बाहेर खाण्याची मुभा कोणाला, केव्हा आणि कोणत्या झगड्यातून मिळाली, या बाजूकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. प्रस्तुत निबंधात कोल्हापूरच्या संदर्भात या बाजूचा विचार केला आहे.

पंगत, खानावळ आणि हॉटेल

परंपरागत समाजात घराबाहेर जेवण्याचे प्रसंग मोजके होते. लग्नकार्य, श्राद्ध, जत्रा, अन्नछत्र किंवा प्रवास एवढीच त्यांची व्याप्ती होती. या प्रत्येक ठिकाणी पंगतीचा नियम कडक असे. कोणी कोणाच्या ओळीत बसावे, कोणाच्या हातचे कच्चे अन्न चालावे आणि कोणाच्या हातचे फक्त तळलेले चालावे, हे ठरलेले असे. प्रवासी शिधा बरोबर घेई व धर्मशाळेत स्वतःच चूल मांडी. पैसे देऊन अनोळखी माणसाच्या हातचे शिजवलेले अन्न खाणे हा प्रकार प्रतिष्ठेचा मानला जात नव्हता.

रेल्वे, कचेऱ्या, शाळा आणि गिरण्या यांनी ही घडी विस्कटली. कोल्हापूरला मिरजेमार्गे रेल्वे १८९१ मध्ये आली. नोकरीसाठी वा शिक्षणासाठी आलेला एकटा पुरुष ही नवी गरज होती आणि खानावळ हे तिचे उत्तर होते. महिन्याचे पैसे देऊन दोन वेळचे जेवण घ्यावे, अशी ही व्यवस्था. तीही प्रारंभी जातीचीच असे. ब्राह्मणांची खानावळ, मराठा खानावळ असे फलक महाराष्ट्रातील शहरांत दीर्घकाळ दिसत राहिले आणि ‘घरगुती’ हा आजच्या फलकांवरील लाडका शब्द कित्येकदा त्याच आश्वासनाचा सौम्य अवतार असतो. अशा खानावळी चालविणाऱ्यांत विधवा व निराधार स्त्रियांची संख्या लक्षणीय होती, हेही नमूद करावयास हवे. मुंबईत गिरणी कामगारांना जेवण पुरविणाऱ्या खानावळवाल्या स्त्रियांना संघटित करणारे अन्नपूर्णा महिला मंडळ प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये स्थापन झाले. म्हणजे या श्रमाला संघटित रूप मिळण्यास किती उशीर लागला, ते लक्षात येईल.

‘हॉटेल’ हा शब्द मराठीत येताना त्याचा अर्थ बदलला. इंग्रजीत मुक्कामाची जागा सुचविणारा हा शब्द मराठी बोलीत चहा-फराळाच्या दुकानाला चिकटला. खेड्यातील चार बाकड्यांचे दुकानही ‘हाटेल’च. खानावळीत माणूस ओळखीचा होऊन जाई. हॉटेलात कोणीही येऊ शकत होता आणि नेमकी हीच अडचण होती.

चहाचा पेला

चहा हे पेय चीनमधून जगभर गेले आणि आसामातील मळ्यांमुळे हिंदुस्थानात स्वस्त झाले. त्याला परंपरेने ठरवून दिलेली जागा नव्हती. त्यामुळे तो कोणाच्या हातचा प्यावा हा प्रश्न नव्यानेच उभा राहिला. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेला चहाचा प्रसंग सर्वश्रुत आहे. तेथे हजर राहिलेल्यांची नावे वृत्तपत्रात आली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकासही अखेरीस प्रायश्चित्त घ्यावे लागले. टिळकांचे नावही त्या यादीत होते. पुण्यातील तत्कालीन विद्वत्तेची ही दोन शिखरे एका पेयासाठी धर्मपीठापुढे उत्तरदायी ठरली, ही घटना आज विनोदी वाटत असली तरी त्या काळी ती तशी नव्हती.

यानंतर तीस वर्षांच्या आत कोल्हापुरात घडलेला प्रसंग याच्या शेजारी ठेवून पाहावा लागतो. राजर्षी शाहू छत्रपतींच्या (१८७४–१९२२) पागेत गंगाराम कांबळे हे महार समाजातील नोकर होते. स्पृश्यांसाठी राखलेल्या पाण्याला स्पर्श केला म्हणून त्यांना पागेतील इतर नोकरांनी अमानुष मारहाण केली. महाराज त्या वेळी कोल्हापुरात नव्हते. परतल्यावर त्यांनी गुन्हेगारांना स्वतः शिक्षा केली. गंगाराम यांना नोकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंदा काढण्यास सांगितले व त्यासाठी साहाय्य दिले. त्यातून भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ हे चहाचे हॉटेल उभे राहिले.

दुकान निघाले, पण गिऱ्हाईक येईना. अस्पृश्याच्या हातचा चहा भर रस्त्यात कोण पिणार? तेव्हा महाराजांनी आपली गाडी त्या दुकानासमोर उभी करून चहा मागविला, स्वतः घेतला आणि बरोबरच्या मंडळींनाही दिला. गाडीत बसलेल्या उच्चवर्णीय मानकऱ्यांची त्या वेळी काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करता येते. पुढे चहाबरोबर सोडा-लेमन ठेवण्यासाठी यंत्र घेण्यासही महाराजांनी मदत केल्याचे सांगितले जाते.

या प्रसंगाकडे केवळ राजाचे औदार्य म्हणून पाहणे अपुरे आहे. महाराजांनी गंगाराम यांना राजवाड्यातच चहा करण्यास ठेवले असते तर तेही औदार्यच ठरले असते. परंतु त्यांनी निवड केली ती दुकानाची आणि तीही हमरस्त्यावरील. जेथे पैसे देणारा प्रत्येक जण गिऱ्हाईक असतो, अशी जागा त्यांना हवी होती. पाण्यावरून मार खाल्लेला माणूस पाण्याचेच पेय विकू लागला, यातील अर्थ तत्कालीन करवीरकरांच्या ध्यानात आल्यावाचून राहिला नसणार. या घटनेत गंगाराम कांबळे यांचा वाटा दुय्यम मानण्याची प्रथा पडली आहे, तीही योग्य नव्हे. महाराजांची गाडी निघून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडण्याचे धैर्य त्यांचेच होते.

वसतिगृहे आणि पंक्तीचा पेच

शाहू महाराजांच्या धोरणातील एक विसंगती येथे विचारात घ्यावी लागते. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व दिगंबर जैन बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग अशी जातवार वसतिगृहे त्यांनी कोल्हापुरात उभी केली वा त्यांना आश्रय दिला. याची कारणे अनेक असली तरी स्वयंपाकघर हे त्यांपैकी एक होते. सर्वांना एका पंक्तीत बसविण्याचा आग्रह प्रारंभीच धरला असता तर खेड्यातील पालकांनी मुले पाठविली असती, असे मानणे कठीण आहे. म्हणजे शिक्षणासाठी पंक्तिभेदाशी तडजोड करावी लागली. १९१९ मध्ये मात्र सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने, शाळा आणि सरकारी कचेऱ्या येथे अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम निघाले आणि अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करण्यात आल्या. मार्च १९२० मधील माणगाव परिषदेत महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना रजपूतवाडीच्या मुक्कामी भोजनाचे जाहीर निमंत्रण दिले. हे सर्व एकाच काळातील आहे. तडजोडीची पहिली वीस वर्षे आणि ती मोडण्याची अखेरची तीन वर्षे असा हा क्रम दिसतो.

शेजारच्या रत्नागिरीत सावरकरांनी सहभोजनांचा कार्यक्रम राबविला व १९३३ मध्ये तेथे अखिल हिंदू उपहारगृह सुरू झाले. नावावरूनच त्याची मर्यादाही ध्यानात येते. त्याचे दार सर्व जातींच्या हिंदूंना खुले करण्याचा तो प्रयत्न होता.

कायदा आणि कपबशी

भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांतील प्रवेशाचा स्पष्ट उल्लेख आहे. विहिरी व तलाव यांच्याच जोडीला हॉटेलाचे नाव मूलभूत हक्कांच्या प्रकरणात यावे, यावरून त्या काळी हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा होता हे कळते. पुढे १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम आला, तो १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नावाने कडक करण्यात आला.

शहरात कायदा लवकर रुजला. खेड्यात हॉटेलवाल्याने दार उघडले, पण कपबशी वेगळी ठेवली. दलितांचे कप बाहेरच्या वळचणीला अडकविलेले, पिणाऱ्याने ते स्वतः विसळून परत ठेवायचे, ही पद्धत स्वातंत्र्यानंतरही अनेक वर्षे चालू होती. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ (१९८४) या आत्मकथनात चहाच्या दुकानातील अशा वेगळ्या कपबशीविरुद्ध पोलिसांत तक्रार केल्याचा प्रसंग येतो. तो सोलापूर भागातील असला तरी ही प्रथा एका जिल्ह्यापुरती नव्हती. काचेचे ग्लास आणि पुढे कागदी कप आल्यावर हा प्रश्न काही ठिकाणी सुटण्याऐवजी नुसता दिसेनासा झाला, असेही म्हणता येईल.

नवे पदार्थ, नवी गर्दी

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. दरम्यान शिवाजी उद्यमनगरात ओतकामाचे व यंत्रकामाचे कारखाने वाढले होते. पहाटे कामावर निघणाऱ्या कामगाराला पोटभरीचा, तिखट आणि झटपट मिळणारा नाश्ता हवा होता. मिसळीची लोकप्रियता या वस्तुस्थितीपासून वेगळी काढता येत नाही. कोल्हापुरी मिसळीबरोबर पावाऐवजी बहुधा ब्रेडचे काप येतात आणि वर ‘कट’ मागून घेतला जातो. ब्रेड व पाव यांना एके काळी धर्म बाटविणारे अन्न समजत. ते उद्यमनगरात कामगाराच्या ताटलीत आले, तेव्हा त्याविषयी कोणी ग्रामण्य केल्याचे ऐकिवात नाही.

तालमींचा पगडा असलेल्या या शहराने दुधाचेही दुकान रस्त्यावर आणले. गंगावेशीतील दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळून धारोष्ण दूध दिले जाते. १९१२ मध्ये बांधलेल्या खासबाग मैदानाच्या परिसरात भेळेने जम बसविला. दक्षिणेकडून उडुपी पद्धतीची उपाहारगृहे आली आणि इडली-डोसा स्थानिक झाला. फाळणीनंतर दिल्लीत रुळलेली पंजाबी तंदुरी पद्धत पुणे-बंगळूर महामार्गावरील धाब्यांतून येथवर पोहोचली. तांबडा-पांढरा रस्सा तर या सर्वांच्या उलट दिशेने प्रवास करून घरातून व लग्नाच्या मांसाहारी पंक्तीतून बाजारात आला आणि शहराची ओळख बनला.

चिनी पदार्थांचा प्रवास अधिक विचित्र आहे. कोलकात्यातील हाक्का चिनी वस्तीने भारतीय जिभेला जुळवून घेतलेली पाककृती घडविली. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईत चिकन मंच्युरियन तयार केले, असे सामान्यतः मानले जाते. मांचुरियात हा पदार्थ कोणी ओळखणार नाही. तेथून तो गाडीवर आला, शेजवान चटणीने तिखट झाला, तळलेल्या नूडल्सची ‘चायनीज भेळ’ झाली. १९५९ नंतर भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांमुळे आणि नेपाळी कामगारांमुळे मोमोही देशभर पसरले. कोल्हापुरातील जुनी मंडळी या पदार्थांना नाके मुरडतात. त्यांच्या आरोग्यविषयक तक्रारींत तथ्यही असेल. परंतु चायनीजच्या गाडीला कोणत्याच जातीची पंगत चिकटलेली नव्हती, ही तिची एक जमेची बाजू दुर्लक्षून चालणार नाही. हा पदार्थ कोणाच्याच आजीने केलेला नव्हता, त्यामुळे तो कोणाच्या हातचा चालतो आणि कोणाच्या हातचा चालत नाही, याचा नियम सांगणारेही कोणी नव्हते.

स्त्रियांचा प्रवेश याहून सावकाश झाला. हॉटेलात बसलेली एकटी स्त्री संशयाचा विषय ठरे. त्यावरचा तोडगा म्हणजे पडदा लावलेली ‘फॅमिली रूम’. तेथेही पुरुषाच्या सोबतीने जावे लागे. उघड्यावरच्या गाडीला खोलीच नसल्याने पडदाही नव्हता, आणि महाविद्यालयीन मुली भेळेच्या व पाणीपुरीच्या गाडीपाशी मैत्रिणींसह उभ्या राहू लागल्या, त्या पुष्कळ आधी हॉटेलात बसू लागण्याच्या.

कळंब्याचे लाडू

कळंब्याची आणखी एक ओळख मध्यवर्ती कारागृहाची आहे. २०१० नंतरच्या दशकात काही वर्षे या कारागृहातील बंदिजनांनी वळलेले लाडू करवीरनिवासिनी अंबाबाईच्या मंदिरात प्रसाद म्हणून भाविकांना दिले जात होते. ज्या मंदिराच्या परिसरात सोवळ्याओवळ्याचे नियम पिढ्यान्पिढ्या पाळले गेले, तेथील प्रसाद शिक्षा भोगणाऱ्या आणि नाना जातीधर्मांच्या माणसांच्या हातचा होता. त्यावर काही चर्चा झाली, पण ती मुख्यतः लाडवाचा दर्जा, वजन आणि पुरवठा यांविषयीची होती. भाविकांनी रांगेत उभे राहून लाडू घेतले आणि घरी नेऊन वाटले.