वाघ्या: एका हाकेचा मागोवा

आमच्या गावी, कडावला, घरी पिल्लू आलं, तेव्हा पोरांनी नावांची रांग लावली: रॉकी, ब्रुनो, सिम्बा. रानात हिंडणारा, धाडसी कुत्रा हवा, तर नावही तसंच हवं, हा त्यांचा हट्ट. काकांनी अंगणातून नुसती हाक घातली, "वाघ्याऽऽ!" पिल्लाने कान टवकारले. नाव ठरलं.

या नावाचा माग थेट जेजुरीला जातो. खंडोबासोबत त्याचा कुत्रा असतो आणि देवाला वाहिलेला पुरुष म्हणजे वाघ्या. भंडाऱ्याची पिशवी पूर्वी वाघाच्या कातड्याची असे, त्यावरून हे नाव पडलं, असं सांगतात. हा वाघ्या स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवतो, कोटंब्यातला, म्हणजे भिक्षापात्रातला, नैवेद्य भुंकत खातो. नाव वाघाचं आणि इमान कुत्र्याचं, अशी गाठ तिथे बसली.

'खंड्या' हे नावही त्याच दैवताचं. साताऱ्याच्या शाहू महाराजांना शिकारीत वाघापासून वाचवणाऱ्या कुत्र्याचं हे नाव. महाराजांनी त्याला जहागीर आणि पालखी दिल्याचं ग्रँट डफने लिहिलं आहे. संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात. रायगडावर शिवसमाधीजवळ 'वाघ्या'चा पुतळा 1936 साली होळकरांच्या देणगीतून उभा राहिला. त्याने शिवरायांच्या चितेत उडी घेतल्याच्या कथेला समकालीन पुरावा नाही, म्हणून वाद पेटला. 2012 साली पुतळा उखडला गेला आणि काही दिवसांत पुन्हा बसवला गेला. कथा खरी असो वा नसो, रायगडच्या पुतळ्याला लोकांनी दिलेलं नाव मात्र गावच्या अंगणातलंच आहे.

त्या नावातली करामत शेवटच्या 'या'मध्ये आहे. वाघाला 'या' लागला की जनावर घरचं होतं. शिवाय 'या'तला 'आ' लांबवता येतो. भाताच्या खाचरापलीकडे, ओढ्याच्या आवाजावर मात करून हाक पोचते. आमच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे, भीमाशंकरचं रान आहे. तिकडून उतरणारा बिबट्या पहिला कुत्राच उचलतो. म्हणून धनगर कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधतात. ज्याची भीती, त्याच्याच घराण्यातलं नाव राखणदाराला द्यायचं, ही आपल्या लोकांची हिंमत.

धाडसी नाव शोधताय? आधी बांधावर उभं राहून ते मोठ्याने हाकारून बघा. रानापर्यंत पोचलं, तरच ठेवा.