कमला सोहोनी आणि तंतुकणिकेचे दार

१/ इ.स. १९३३. मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेल्या कमला भागवत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज करतात. केवळ स्त्री म्हणून संचालक चंद्रशेखर वेंकट रामन तो नाकारतात. त्या हटत नाहीत; अखेर अटींवर प्रवेश मिळतो.

२/ दुर्गा भागवतांच्या या भगिनी पुढे केंब्रिजला गेल्या. बटाट्यावरील संशोधनातून ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन वनस्पतींतही असते, हे त्यांनी दाखविले. १९३९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

३/ पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन वाहून नेणारे हे प्रथिन तंतुकणिकेत नांदते. घडते मात्र बाहेर, पेशीद्रवात. मग ते आत जाते कसे? उत्तराला कित्येक दशके लागली.

४/ तंतुकणिकेच्या बाह्यपटलात ‘टॉम’ नावाचे प्रवेशद्वार आहे. सायटोक्रोम सी घडी न पडलेल्या अवस्थेत त्यातून शिरते. आत लोहयुक्त ‘हीम’ जडला की घडी बसते आणि परतीची वाट मिटते.

५/ हे दार तरी कोण बसविते? टॉमच्या नळीचे नवे प्रथिन आधीच्या टॉममधूनच आत जाते. मग ‘सॅम’ हे दुसरे संकुल त्याला आतून पटलात बसविते. २००३ मध्ये हे उलगडले. सॅमचा गाभा जीवाणूंच्या बाह्यपटलातील प्रथिनाचा वंशज आहे. तंतुकणिकेचे पूर्वज जीवाणूच होते, याची ही खूण.

६/ जुन्या दारातून आत गेलेलाच नवे दार घडवितो. कमलाबाईंचे काम पाहून बंगळूरच्या संस्थेनेही पुढे मुलींना प्रवेश दिला.