ऐंशी टक्क्यांचं गाव

मामा गिरगावातून आमच्याकडे ॲरिझोनात आले, तेव्हा ७८ वर्षांचे होते. ग्रँड कॅन्यन पाहून झाला, "दगडच ते, पण काय दगड!" असा शेरा मारून झाला. पुढच्या शनिवारी मी त्यांना चँडलरहून तीन तासांवरच्या बिस्बीला नेलं. मेक्सिकोची सीमा तिथून अगदी जवळ. डोंगराच्या घळीत, एकावर एक चढलेल्या घरांचं हे तांब्याच्या खाणीचं गाव. क्वीन खाण १९७५ साली बंद पडली. आता हेल्मेट आणि पिवळा कोट चढवून, बुटक्या आगगाडीत बसवून पाहुण्यांना आत फिरवून आणतात.

खाणीतून बाहेर आलो आणि जेवायला बसलो. तिथे मी त्यांना माइक रायकची गोष्ट सांगितली.

रायक मूळचा ऑस्ट्रियाचा, बिस्बीतल्या एका खाणावळीत स्वयंपाकी. ॲरिझोनाला राज्याचा दर्जा मिळाला १९१२ साली. तीन वर्षांच्या आत, नोव्हेंबर १९१४ मध्ये, इथल्या मतदारांनी थेट मतदानाने एक कायदा केला: ज्याच्याकडे पाचांपेक्षा जास्त माणसं कामाला आहेत, त्या मालकाने त्यातले निदान ८० टक्के मतदार किंवा जन्माने अमेरिकन असलेले ठेवावेत. (त्याच मतदानात त्यांनी दारूबंदीही करून घेतली. एका दिवसात दोन्ही उपद्रव संपवायचा बेत असावा.) खाणावळीत नऊ जण होते, त्यातले सात परके. मालकाने रायकला सांगितलं, कायदा लागू झाला की तुला काढावं लागेल, नाहीतर दंड आणि कैद माझ्या नशिबी.

मामांचा घास हातातच राहिला. "ऐंशी? इथेही ऐंशीच?"

मुंबईकराला हा आकडा पाठ असतो. 'मार्मिक' या साप्ताहिकात कंपन्यांतल्या परप्रांतीयांच्या नावांच्या याद्या छापून यायच्या, त्या दिवसांत मामा विशीत होते. ८० टक्के नोकऱ्या मराठी माणसाला, या मागणीसाठी ते मोर्चात चालले होते, घसा बसेपर्यंत ओरडले होते. त्यात त्यांना आजही काही वावगं वाटत नाही, आणि त्या वेळी मराठी पोरांना नोकरी मिळत नव्हती हेही खोटं नाही.

"मग? काढला का त्याला?"

रायक कोर्टात गेला आणि वर्षाच्या आत, १ नोव्हेंबर १९१५ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला. न्यायमूर्ती ह्यूज यांचा मुद्दा साधा होता. देशात कोणाला घ्यायचं हे ठरवणं केंद्राचं काम. केंद्राने आत घेतलेल्या माणसाला राज्याने पोटापाण्याचं कामच करू दिलं नाही, तर त्याला दारातून परत पाठवल्यासारखंच झालं. एकाच न्यायमूर्तीचं मत वेगळं पडलं.

पण गावात कोर्टाचं कोण ऐकतंय! बिस्बी स्वतःला गोऱ्या माणसाची वसाहत म्हणवून घेई. मेक्सिकन मजुरांना खाणीच्या आत काम नसे, वरची कामं कमी पगारावर. भाजी विकायला येणाऱ्या चिनी माणसाने अंधार पडायच्या आत गाव सोडायचं, असा रिवाज. आणि ही जमीन १८५४ पर्यंत मेक्सिकोचीच होती. अमेरिकेने एक कोटी डॉलरला विकत घेतलेल्या पट्ट्यातली. १९१७ च्या उन्हाळ्यात खाणकामगारांनी संप केला. १२ जुलैला पहाटे शेरीफ हॅरी व्हीलर दोन हजारांवर हत्यारबंद माणसं घेऊन निघाला. प्रत्येकाच्या दंडाला पांढरी पट्टी, आपला माणूस ओळखू यावा म्हणून. सुमारे १,२०० संपकऱ्यांना घराघरांतून ओढून जवळच्या वॉरनच्या बेसबॉल मैदानावर आणलं, गुरांच्या डब्यांत कोंबलं आणि शेजारच्या न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात सोडून दिलं. त्यातले बहुतेक परदेशात जन्मलेले. १९२० मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, या अपहरणासाठी खटला भरायचा अधिकार केंद्राला नाही, तो राज्याचा. राज्याने कोणालाच शिक्षा केली नाही.

ते मैदान आजही वापरात आहे. मामांनी कुंपणापाशी उभं राहून दोन फोटो काढले.

माझ्या गावाची गोष्ट इतकी जुनी नाही. जुलै १९९७ मध्ये चँडलरच्या पोलिसांनी सीमा गस्ती दलाला बरोबर घेऊन पाच दिवस माणसं धरली, ४३२ जण. दुकानांच्या दारात, रस्त्यावर, घरांत शिरून कागद मागितले. अडवलेल्यांत अमेरिकन नागरिकही निघाले. चेहरा मेक्सिकन एवढाच त्यांचा दोष. पुढे दावे झाले, शहराला चार लाख डॉलर मोजावे लागले. मी तेव्हा चिपच्या कारखान्यात रात्रपाळी करत होतो. माझा रंग त्यांच्याहून उजळ नाही, पण आमची वस्ती नवी, आणि छापे पडले जुन्या गावात. मला सगळं वर्तमानपत्रातून कळलं.

२०१० चा कायदा मात्र घरोघरी पोचला. २३ एप्रिलला गव्हर्नर जॅन ब्रुअर यांनी सही केली. पोलिसांनी कोणाला कशासाठीही अडवलं आणि तो बेकायदा आलेला असल्याचा वाजवी संशय आला, तर कागद तपासायचेच. हा संशय चेहऱ्यावरून येणार नाही, असं कायद्याचे पाठीराखे शपथेवर सांगत. बेकायदा माणूस दिसतो कसा, असं पत्रकारांनी विचारलं, तर बाई म्हणाल्या, मला माहीत नाही. पाठीराख्यांची तक्रार अगदीच हवेतली नव्हती. नव्वदीत केंद्राने सॅन दिएगो आणि एल पासोकडची सीमा आवळली, तसा लोंढा ॲरिझोनाच्या वाळवंटाकडे वळला. कुंपणं तुटायची ती इथल्या गुरंवाल्यांची. पण काम केंद्राने केलं नाही म्हणून ते हवालदाराच्या अंदाजावर सोपवायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. परक्याने कार्ड जवळ बाळगायचं हा केंद्राचा जुनाच नियम. नव्या कायद्याने तो मोडणं राज्याचाही गुन्हा केला. आमच्या महाराष्ट्र मंडळातली मंडळी ग्रीन कार्ड घरच्या कपाटातून काढून पाकिटात ठेवू लागली. जून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वादातली तीन कलमं उडवली, कागद तपासण्याचं ठेवलं. तोवर कायद्याचा जनक रसेल पीअर्स याला मेसाच्या मतदारांनी मुदतीआधीच घरी पाठवलं होतं.

परतताना टूम्बस्टोनच्या पुढे सीमा गस्तीचा नाका लागतो. मामांनी शर्टाच्या आतल्या पिशवीतून पासपोर्ट आधीच काढून मांडीवर ठेवला. शिपाई वाकला, नागरिक का, म्हणाला. मी म्हटलं, मी नागरिक, हे पाहुणे. त्याने पासपोर्ट उघडला, व्हिसाचं पान पाहिलं, परत दिला. तीस सेकंदही लागली नसतील.

बेन्सन येईपर्यंत मामा गप्प होते.

"आमच्या नाक्यावरचा उडपी आठवतो तुला? त्याच्या काचा फोडल्या होत्या आम्ही."

"तुम्ही होतात?"

"होतो. भटारखान्यात एक पोरगा होता, मागच्या दाराने पळाला. परत काही आला नाही." मग बऱ्याच वेळाने, "नाव नाही आठवत रे. डोसा फार पातळ काढायचा."