शिकाऱ्याची नाव, दुष्काळाचं पाणी

तुळजापुरात माझा फोटो स्टुडिओ होता. देवीचं दर्शन घेऊन आलेल्या कुटुंबांना पडद्यापुढे उभं करायचं, लेकरानं कॅमेऱ्याकडे बघावं म्हणून खुळखुळा वाजवायचा, हे काम मी तीस वर्षं केलं. पाणपक्ष्यांच्या नादी लागलो तो पन्नाशी ओलांडल्यावर. पुण्याहून कुणीतरी वापरलेली कयाक आणली. दहा फूट लांब, प्लास्टिकची, भडक केशरी. नळदुर्गकडच्या एका पाझर तलावात ती पहिल्यांदा उतरवली आणि मी वल्हं हातात घ्यायच्या आत पलीकडच्या काठाची हळदीकुंकू बदकं उठली. चोचीच्या टोकाला पिवळा रंग, मुळाशी लाल ठिपका, म्हणून हळदीकुंकू. बारा महिने आपल्याकडे राहणारं हे बदक. काठाला म्हशी डुंबत होत्या, बाया धुणं आपटत होत्या. त्यांच्यामुळे ती हलली नव्हती. माझ्यामुळे गेली.

घरी येऊन मी त्या नावेवर गोणपाट शिवलं आणि मग तिच्याविषयी वाचायला बसलो. कयाक ही मुळातच शिकाऱ्याची नाव. ग्रीनलंड आणि उत्तर अमेरिकेच्या बर्फाळ किनाऱ्यांवर इन्युइट लोकांनी ती घडवली. वाहून आलेल्या लाकडाचा नाहीतर हाडांचा सांगाडा, त्यावर सीलचं कातडं ताणून शिवलेलं. नाव बुटकी, अरुंद, आवाज न करणारी, कारण सीलच्या जवळ जायचं ते त्याला कळू न देता. पुढे बंदुका आल्यावर ग्रीनलंडचे शिकारी नावेच्या टोकाला पांढरं कापड ताणू लागले. लांबून ते बर्फाचा तुकडा वाटे आणि शिकारी त्याच्या आड बसे. माझं गोणपाट म्हणजे तेच कापड, फक्त रंग मराठवाड्याचा.

आपल्या देशातही पाणपक्ष्यांना फसवण्याची कला जुनी आहे. बदकं पकडणारे लोक आधी रिकामी मडकी पाण्यावर सोडून देत. दोन-चार दिवसांत बदकांना त्या तरंगत्या मडक्यांची सवय होई. मग भोकं पाडलेलं मडकं डोक्यावर घालून माणूस गळ्याएवढ्या पाण्यातून हळूहळू सरकत जाई आणि खालून बदकाचे पाय धरून त्याला आत ओढी. शेजारच्या बदकांना पत्ताही लागत नसे. फासेपारधी शिकवलेल्या गाई-बैलाच्या आडून सावजाजवळ जात. इंग्लंडमध्ये पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या कीअर्टन बंधूंनी नेमका हाच विचार केला. त्यांनी आतून पोकळ असा बैल तयार करवला आणि त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन उभे राहिले. पारध्यांच्या पिढीजात विद्येला आपण मान दिला नाही. उलट १८७१च्या कायद्यानं सुरू झालेल्या सरकारी शिक्क्याखाली त्यांच्यासारख्या जमातींना गुन्हेगार ठरवलं. जनावराची नजर कुठं जाते, वारा कुठून वाहतो, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं?

नावेतून कॅमेरा चालवण्याची सुरुवातही एका शिकाऱ्यानेच केली, असं म्हणता येईल. अमेरिकेतले जॉर्ज शिरास हे वकील. मिशिगनच्या तळ्यांवर रात्री नावेच्या टोकाला दिवा लावून हरणं मारण्याची तिथली रीत त्यांना ठाऊक होती. त्यांनी दिवा तसाच ठेवला आणि बंदुकीच्या जागी कॅमेरा व झगझगीत पेटणारी भुकटी आणली. १९०६च्या जुलैमध्ये नॅशनल जिओग्राफिकनं त्यांचे ७४ फोटो छापले. आपल्याकडे त्या काळात पक्षी ओळखायचा म्हणजे आधी पाडायचा, असाच शिरस्ता होता. सलीम अलींनी १९३१-३२मध्ये निजामाच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी केली, तीही नमुने गोळा करूनच. आपला जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता.

आता पाण्याकडे येतो, कारण आमच्या जिल्ह्यात पक्ष्याआधी पाण्याचंच कौतुक. इथं नैसर्गिक सरोवर नाही. जे पाणी साठलं ते माणसानं अडवलं म्हणून. त्यातलं सगळ्यात देखणं काम नळदुर्गला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३मध्ये, बोरी नदीवर किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांना जोडणारा दगडी बांध घातला गेला आणि त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात वरचं बोरी धरण भरून वाहू लागलं की या बांधावरून नर आणि मादी नावाचे दोन धबधबे कोसळतात. महालाच्या खिडकीसमोरून पाण्याचा पडदा पडत असतो आणि आतला माणूस कोरडा असतो. पक्षी टिपायला लपणं बांधावं लागतं, तसं हे चारशे वर्षांपूर्वीचं लपणंच म्हणा! त्या खिडकीत बसून मी खाली फेसाळ पाण्यात बुड्या मारणारे पाणकावळे पाहिलेत. १८५३नंतर काही वर्षं मेडोज टेलर हा कंपनी सरकारचा अधिकारी नळदुर्गला होता. त्याचं आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर १८७७मध्ये निघालं आणि त्यात हा किल्ला आहे.

बाकीचं बरंचसं पाणी दुष्काळातून आलं. १९७२ला माझे आई-वडील पाझर तलावाच्या कामावर होते. आई मातीची पाटी डोक्यावर घेऊन बांधावर चढायची. मिळायची ती मजुरी आणि सुकडी. ज्या तलावात मी कयाक घालतो, त्याच्या बांधात तिनं वाहिलेली माती आहे. तलाव जमिनीत पाणी मुरावं म्हणून झाले, पक्ष्यांसाठी नव्हे. पण पाणी थांबलं, पाणकणीस वाढलं, मासळी आली आणि मागोमाग टिबुकल्या, वारकरी, शेकाटे, हिवाळ्यात थापट्या आणि चक्रवाक. त्याच १९७२मध्ये केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा झाला. मात्र शिकारीच्या परवान्याची वाट पुरती बंद झाली ती १९९१च्या दुरुस्तीनंतर. तलाव आधी झाले आणि त्यातल्या पक्ष्यांना निर्धास्तपणा मिळाला तो जवळजवळ वीस वर्षांनी.

बदकं मला पाहून का उडतात, ते मला पुस्तकानं नाही, तलावावरच्या एका भोई मामांनी सांगितलं. त्यांचे वडील वाळलेल्या भोपळ्यांच्या सांगडीवर मासे धरायचे. मामांकडे थर्माकोलचा चप्पू आहे, वरून पोत्यात शिवलेला. भीमेकडे पुरात लोक गुळाच्या काहिलीत बसून पलीकडे जात, तसाच हाताशी असेल त्याची नाव करण्याचा हा प्रकार. मामा म्हणाले, "भाऊ, तुमी सरळ बदकांकडं जाताव. शिकारी सरळ येतो. मी जाळं बघत तिरका जातो. आन वल्हं आपटू नगा, पाण्यात ठिवा." मी आठ दिवस त्यांच्या चप्पूमागून फिरलो. फोटो एकही काढला नाही. नवव्या दिवशी शेकाट्यांची जोडी माझ्यापासून वीस हातांवर चरत राहिली. लांब गुलाबी पाय, चिखलात चोच, एकदाही मान वर नाही.

त्याच वर्षी पावसाळ्यात माझ्या हातून चूक झाली. टिबुकलीचं घरटं मी पाणकणसाच्या कडेला शोधलं होतं. छोटीशी पाणडुबीच ती. तिचं घरटं म्हणजे कुजक्या शेवाळाचा तरंगता ढीग. उठताना ती चोचीनं ओल्या काड्या ओढून अंडी झाकते, मगच बुडी मारते. दोन-तीनदा चोच हलते, बस्स. वरून बघणाऱ्या कावळ्याला तिथं कचऱ्याशिवाय काही दिसत नाही. मी वळसा घालून पाणकणसाच्या आडून एकदम पुढे आलो. तिला झाकायला वेळच मिळाला नाही. फोटो उत्तम आला, चारही अंडी स्वच्छ दिसतात. दुसऱ्या दिवशी ढीग रिकामा होता. तो फोटो मी कुणाला दिलेला नाही.

२०१६च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हा आमचा तलावही तळाला गेला. लोकांनी गाळ काढून शेतात नेला. कयाक दोन वर्षं गोठ्यात उलटी पडून होती. पुन्हा पाणी आलं तेव्हा सगळ्यात आधी आली ती टिबुकलीच.

आता पुण्या-सोलापूरची मंडळी कयाक घेऊन उजनीवर, सीना-कोळेगावच्या फुगवट्यावर उतरू लागलीत. जरूर या. नाव मळकट रंगाची ठेवा, तिरके जा आणि अंडी घालण्याच्या दिवसांत पाणकणसाच्या आत शिरू नका. टिबुकलीची चोच काड्या ओढायला लागलेली दिसली, तर कॅमेरा खाली ठेवून वल्हं उलटं मारा.