जातीचा शिक्का आणि एकटा माणूस

"त्या लोकायचं काय सांगता राजेहो, जातच तशी!" हे वाक्य मोर्शीच्या बाजारात, एसटी स्टँडवर आपण नेहमी ऐकतो. बोलणारा समोरचा माणूस पाहत नाही. त्याच्या अख्ख्या जमातीवर शिक्का मारून मोकळा होतो. हा शिक्का आपल्या बापजाद्यांनी किती भोगला, हे विहाराच्या या वर्धापनदिनी लेकराबाळांना सांगावे असे आम्हांला वाटते.

आम्ही गिरणी कामगार, म्हणून गिरणीपासूनच सुरुवात करतो. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. आणि पगार तर तिथेच चांगला! कारण काय? धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे. हात कसबी आहे की नाही, हे कोणी पाहिलेच नाही. ही आडकाठी सोबतच्या कामगारांचीच होती, हे लक्षात घ्या. मालकाशी भांडणारा मर्द गडी जातभाईंच्या रीतीविरुद्ध मात्र तोंड उघडत नव्हता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला.

पलटणीतही तेच. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला महार शिपाई लढले. पुढे इंग्रजांनी 'लढाऊ जाती' ठरवल्या आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद केली. पलटणीतून निवृत्त झालेल्या गोपाळ बाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ महार ही पलटण उभी केली, १९२१ ला मोडली. १९४१ ला पुन्हा महार रेजिमेंट काढली. माणसे तीच, रक्त तेच. गरज पडली की शूर, गरज सरली की नालायक!

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर हद्दच केली. जमातच गुन्हेगार म्हटल्यावर पाळण्यातलं लेकरूही सुटलं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण मनातून गेला काय? तुरुंगांच्या नियमांत जात पाहून कामे वाटण्याची कलमे उरलीच होती. सर्वोच्च न्यायालयाने ती ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवली.

या सगळ्याचे उत्तर बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत दिले. मसुदा मांडताना त्यांनी सांगितले, की या घटनेने गावाला बाजूला ठेवून व्यक्तीला घटक मानले आहे. म्हणजे हक्क माणसाचा, आणि माणूस ओळखायचा तो त्याच्या करणीवरून.

असा एकेकटा माणूस चाकोरी सोडतो तेव्हाच इतिहास हलतो. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीला अंबादेवी मंदिर प्रवेशासाठी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. त्या लढ्यात डॉ. पंजाबराव देशमुख आपल्या बाजूने उभे राहिले. 'जातच तशी' म्हणणाऱ्यांनी त्यांना कोणत्या खान्यात बसवायचे?

आता आपण आपल्या घरात पाहू. फासेपारध्याचा पोरगा मोहल्ल्यात दिसला की आपलेच लोक सायकल आत घेतात. काऊन? त्याने काय केले? आपली पोरगी काही वेगळं शिकतो म्हणाली, की "आपल्यात असं नसते" म्हणून आपण तिला गप्प करतो. बैठकीत एखाद्या तरुणाने उलटा प्रश्न विचारला की तो लगेच समाजद्रोही ठरतो. बाहेरचा शिक्का पुसायला आपल्या पिढ्या गेल्या. आतला शिक्का आपणच मारत बसायचा काय?

तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले होते, की परंपरा आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. तथागतांनी स्वतःबद्दलही प्रश्न विचारू दिले. मग त्यांच्या विहारात प्रश्न विचारणाऱ्या पोराला पहिल्या रांगेत बसवा. आणि पारध्याच्या लेकरालाही त्याच सतरंजीवर जागा द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!